पकडलेली करडी खार दूरच्या जंगलात सोडू नका

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांच्या गटांत एक संदेश फिरतोय: ‘बागेत करडी खार त्रास देत असेल तर पिंजऱ्यात पकडा आणि दूरच्या जंगलात सोडून या. जीवही वाचतो, कायद्यालाही चालतं.’

कायद्याला हे चालत नाही. १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे करडी खार मोकळी सोडणं गुन्हा आहे, अगदी पकडली त्याच बागेतसुद्धा. एकदा पिंजऱ्यात आली की तिला वेदना न देता मारणं एवढाच कायदेशीर मार्ग उरतो. म्हणून, जीव वाचवायचा असेल तर पिंजरा लावूच नका.

नियम कठोर वाटतो, पण कारण आहे. ही खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६मध्ये इंग्लंडमधल्या चेशायरमध्ये सोडली गेली. ती खारींना होणाऱ्या देवीच्या रोगाचा (स्क्विरलपॉक्स) विषाणू बाळगते. तिला स्वतःला सहसा काही होत नाही, स्थानिक तांबडी खार मात्र बहुधा मरते. आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली खार वेगळी, तिच्यावरची माया इथे लावून चालणार नाही.

मग खारीचा त्रास कसा टाळायचा? पक्ष्यांच्या दाण्यांना तिखट चोळा. पक्ष्यांना ते झोंबत नाही, खारीला झोंबतं. ट्यूलिपच्या कंदांवर मातीखाली तारेची जाळी घाला. घराच्या पोटमाळ्याची फट बुजवण्याआधी आत पिल्लं नाहीत ना, हे नक्की बघा. बाकी तिला येऊ-जाऊ द्या.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा कळवा.