खुलासा: मॉड म्हणजे ‘दोन उत्तरं पक्की’ नव्हे

ठाणे, वाशी, नेरूळकडच्या कॅटच्या (एमबीए प्रवेश परीक्षेच्या) विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मॉडच्या, म्हणजे | | या केवलमूल्याच्या खुणेच्या, समीकरणांसाठी एक शॉर्टकट फिरतोय: ‘मॉड दिसला की एकदा अधिक, एकदा उणे. दोन उत्तरं पक्की, तपासत बसू नका.’ हे चुकीचं आहे आणि कृपया पुढे पाठवू नका.

उजवीकडे नुसती धन संख्या असेल तर ते चालतं. |क्ष − ३| = ५ ला ८ आणि −२, दोन्ही खरी. पण |क्ष − ३| = २क्ष घ्या. अधिक धरून क्ष = −३ येतं, उणे धरून १. आता −३ मूळ समीकरणात ठेवा: डावीकडे ६, उजवीकडे −६. बाद! केवलमूल्य म्हणजे अंतर, ते ऋण नसतंच. म्हणून आधी २क्ष ≥ ० ही अट लिहायची, मग सोडवायचं. उत्तरांची बेरीज विचारली तर शॉर्टकटवाला −२ वर खूण करतो, बरोबर आहे १. कॅटच्या बहुपर्यायी प्रश्नात तिथे एक गुण कापला जातो.

|२क्ष − १| = क्ष − २ मध्ये तर क्ष ≥ २ हवं, म्हणून १ आणि −१ दोन्ही गळतात.

|क्ष + ४| + ६ = २ असेल तर आधी ६ पलीकडे न्या. उजवीकडे −४ उरले, तिथेच थांबा: उत्तर नाही.