खानापूरकर काकांच्या कमेंटला उत्तर : "मांजरांची कसली ओळख करून देताय?"

काका, तुमची कमेंट वाचली. भांडायचं आहेच मला, पण त्याआधी एक गोष्ट सांगते कारण ती थांबणारी नाही. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की परवा टिळकवाडीला मुलीच्या फ्लॅटवर पिल्लू नेऊन सोडलं आणि तिची जुनी मांजर तेव्हापासून कपाटावर बसून आहे, काही खात नाही, "रुसलीय, भूक लागली की येईल खाली." ते रुसणं म्हणून सोडून देऊ नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठायला लागते, आणि अंगानं भरलेली मांजर असेल तर जीवावर बेततं. पिल्लू आत्ताच्या आत्ता दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, जुनीला वरच कपाटावर खायला द्या, आणि आज संध्याकाळपर्यंत तिनं तोंड लावलं नाही तर सरळ जनावरांच्या डॉक्टरकडं. बाकीचं हे खालचं सावकाश वाचा.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी : मी लिहिलं होतं की नवीन पिल्लू आणलं की पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आधी वासाची ओळख होऊ दे, मग जाळीतनं, मग समोरासमोर. काकांचं म्हणणं, हे सगळं मोबाईलवर बघून आलेलं फॅड आहे, त्यांच्या गावच्या वाड्यात दहा-दहा मांजरं होती, कुणी कुणाची ओळख करून दिली नाही, आणि एवढ्याशा जिवाला खोलीत कोंडणं हा छळ आहे. दोघांना मांडीवर घेऊन बसा, चार फटके मारतील एकमेकाला, आपोआप सरळ होतात.

वाड्याबद्दल मला शंकाच नाही हो. पण ती दहा मांजरं होती कुठली? एका मांजरीच्या पोटची नाहीतर तिच्या लेकीच्या पोटची, आई मावशी बहिणी सगळ्या, चुलीपाशी एकावर एक पडून झोपणाऱ्या. मांजरं कळपानं राहतात ती अशीच, नात्यातल्या माद्या एकत्र आणि खायचं एका जागी मिळत असलं तर. तिथं परक्याची ओळख करून द्यायचा प्रश्नच आला नाही की. आणि खरोखर परकं मांजर आलं तेव्हा काय झालं ते आठवा. ते आधी गंजीवर बसायचं, मग परसात, मग हळूच मागच्या दारात, कधी महिनाभर. त्याची ओळख झालीच, फक्त ती मांजरांनी त्यांच्या वेळानं आणि लांबनं केली, आणि ज्याचं नाही जमलं ते शेजारच्या वाड्यात गेलं, ते तुमच्या दहात मोजलंच नाही कुणी. आणि परका बोका आला की पिल्लं मारतो हे खानापूरच्या माणसाला मी काय सांगायचं.

फ्लॅटमध्ये हरलेल्या मांजरानं जायचं कुठं? कपाटावर. तेच झालंय तुमच्या मुलीकडं.

कोंडण्याचं म्हणाल तर नवीन कोंबडी आणली की चार दिवस डालग्याखाली झाकून ठेवता का नाही? तिला जागा कळावी, जुन्यांनी तिला बघावं म्हणूनच ना. तेव्हा कुणी छळ म्हणत नाही. पिल्लाला सगळं घर एकदम मोठं पडतं, एका खोलीत त्याचं खाणं पाणी, रेतीचा ट्रे, लपायला एक खोका, एवढं असलं की ते दुसऱ्या दिवशी खेळायलाच लागतं. हां, एकटं टाकून द्यायचं नाही, दिवसातनं चार वेळा जाऊन बसायचं त्याच्याजवळ, ते मी मूळ लेखातही लिहिलंय, तुम्ही तेवढं सोडून वाचलं बहुतेक.

आमचं वडगावातलं घर म्हणजे गल्लीतलं ओळीतलं घर, पुढं सोपा मागं न्हाणी, दार दिवसभर उघडं, वेगळी खोली म्हणजे सासूबाईंची देवघराशेजारची कोठी तेवढी. शेजारच्या अक्कांकडनं गुंडू आणला तो त्या कोठीत राहिला. आमच्या राणीच्या गालावर एक जुना पंचा फिरवायचा आणि तो गुंडूच्या खोक्यात टाकायचा, गुंडूच्या वासाचा पंचा राणीच्या वाटीखाली. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात, दाराच्या चौकटीला गाल घासत फिरते ना ती, "हे माझं" म्हणून शिक्का मारत असते. पहिल्यांदा पंच्यावर फिस्कारली, मग नुसतं हुंगून पुढं गेली, मग त्यावर बसून खाल्लं. तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूला वाट्या ठेवल्या, रोज थोड्या थोड्या जवळ. मग डासांची जाळी लावलेलं दार मध्ये. किती दिवस लागतात असं विचारू नका, दारापाशी निवांत खाते का एवढंच बघायचं.

आणि फिस्कारण्याला घाबरू नका कुणी. फिस्कारणं म्हणजे "लांब हो" एवढंच, तो बिचारा शहाणपणा आहे. मला भीती वाटते ती न आवाज करणाऱ्या भांडणाची. एक मांजर न्हाणीच्या उंबऱ्यावर नुसती बसून राहते, डोळे रोखून, अंग हलवत नाही, आणि दुसरीला ट्रेकडं जाताच येत नाही. आपल्याला वाटतं किती शांत बसल्यात दोघी. मग आठवड्यानं गादीवर मुतलं म्हणून त्या दुसरीलाच मार बसतो. म्हणून ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही एकाच बाथरूममध्ये ओळीनं मांडायचे नाहीत.

मांडीवर घेऊन बसायचं तर अजिबात करू नका. घाबरलेलं मांजर सुटायला जे समोर येईल त्याला ओरबाडतं, म्हणजे तुमचा हात. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा, हळद नाही लावत बसायची. शिवाय मांजरं फटके मारून सरळ होत नाहीत. यांचा मूळ पूर्वज रानमांजर, एकटा फिरणारा, एकटा शिकार करणारा, यांच्यात कुत्र्यांसारखं भांडून परत गोड व्हायचं फारसं नाही, पहिली भेट बिघडली की ती लक्षात ठेवून बसतात.

लशीच्या खर्चावरनं तुम्ही हसलात, त्यावर थोडक्यात. बाहेरनं आणलेलं पिल्लू वरनं ठणठणीत दिसतं आणि आत पॅनल्यूकोपेनिया घेऊन आलेलं असतं, म्हणजे मांजरांचा जीवघेणा संसर्गाचा आजार, कुत्र्यांच्या पार्व्होचाच भाऊबंद. लागण झाल्यावर दिसायला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात. विषाणू घरात वर्षभर टिकतो, साध्या फिनेलनं जात नाही. वेगळी खोली त्यासाठीही लागते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांनी परत परत सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची बारा आठवड्यांनंतर. गाईचं दूध मात्र बंद करा, हगवण लागून पिल्लं जातात त्यानं.

मुलीला सांगा, काल-परवाचं झालं ते झालं, आता पुन्हा पहिल्यापासून धरायचं. पिल्लू बेडरूममध्ये, दार बंद, जुनीला हॉल आणि कपाट दोन्ही मोकळं. खायला आधी जुनीला, लाडही आधी तिचेच. आणि पिल्लू बोका असेल तर पाच-सहा महिन्यांचा व्हायच्या आत ऑपरेशन करून टाका, नाहीतर सोफ्यावर फवारे मारायला लागला की जावई तुम्हालाच फोन करतील.