दुकान चालवणं वेगळं, नगरपालिका वेगळी

‘पिढीजात दुकान सांभाळलेला माणूस गावही तसंच नीट सांभाळतो’ हे धंद्यातून राजकारणात येणाऱ्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. आमचं हार्डवेअरचं दुकान. वडील तीस वर्षं गल्ल्यावर बसले आणि मग नगरसेवक झाले. माणसं ओळखायला दुकान कामी आलं, हे खरंच. नळाची तोटी घ्यायला आलेला माणूस कुठल्या गल्लीत पाणी येत नाही ते आपसूक सांगून जायचा. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर वडिलांनी तक्रारीच लिहून ठेवल्या होत्या! पण दुकानात मालाची ऑर्डर सकाळी ठरली की संध्याकाळी फोन जातो. पालिकेत आधी ठराव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, आणि सहीला मुख्याधिकारी. पहिल्या वर्षी वडील नुसते चिडचिड करायचे.

लेखात एक गोष्ट मात्र अजिबातच आलेली नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ प्रमाणे पालिकेच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा, जोडीदाराचा वा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं. आमच्याकडे काका भागीदार, आणि पालिकेचे ठेकेदार पाइप आमच्याकडूनच न्यायचे. आता हे कलमात बसतं की नाही, यावर वकिलांनी दोन तास काथ्याकूट केला. शेवटी वडिलांनी त्या ठेकेदारांना माल देणंच बंद केलं. काका वर्षभर नीट बोलत नव्हते. धंद्यातून राजकारणात येणाऱ्याच्या घरात हा हिशेब आधी होतो, त्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.