फायनल बघायची तर अख्खी बघा

वर्ल्ड कपची फायनल आता बघण्यासारखी राहिलेली नाही, असं हल्ली फुटबॉल मनापासून बघणारी माणसंच म्हणू लागली आहेत. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. क्लबचा संघ वर्षभर एकत्र सराव करतो, राष्ट्रीय संघाला स्पर्धेआधी जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यामुळे पासिंग असो, प्रेसिंग म्हणजे समोरच्यावर धावून जाऊन चेंडू हिसकावणं असो, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या फेऱ्यांमधला खेळ सरस असतो, हे मला मान्य आहे. फायनलला संघ बिचकून खेळतात, हेही मान्य. 1990 ला रोममध्ये अर्जेंटिनाचे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले आणि पश्चिम जर्मनी जिंकली ती 85व्या मिनिटाच्या पेनल्टीवर. 1994 ला ब्राझील आणि इटली 120 मिनिटं खेळले, गोल शून्य. 2010 ला रेफरी हॉवर्ड वेबने 14 वेळा पिवळं कार्ड काढलं, आणि नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत बूट घातला त्याला लाल कार्ड मिळालंच नाही.

एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणेन की फायनल बघाच, पहिल्या शिट्टीपासून बघा.

कारण ज्या भीतीबद्दल आपण तक्रार करतो तीच तिथे बघायची असते. लीगमध्ये हरलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी मॅच असते. इथे पुढची संधी चार वर्षांनी, आणि बहुतेकांच्या नशिबी तीही नसते. एरवी बेधडक पुढे पास देणारा मिडफिल्डर इथे चेंडू मागे गोलकीपरकडे देतो. मोठी माणसं लहान होताना दिसतात. आणि मग त्यातलाच एखादा ती भीती झुगारून देतो.

2006 ची बर्लिनची फायनल घ्या. फ्रान्सच्या झिदानच्या कारकिर्दीतली शेवटची मॅच. सातव्या मिनिटाला पेनल्टी, समोर इटलीचा गोलकीपर बुफॉन, आणि या माणसाने चेंडू अलगद उचलून टाकला. बारला लागून तो रेषेच्या आत पडला. 110व्या मिनिटाला इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं मारून तोच माणूस बाहेर गेला. हायलाइट्समध्ये हे दोन्ही प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकतात आणि आपण म्हणतो, वेडा झाला का हा? पण 104व्या मिनिटाला त्याने मारलेला हेडर आठवतो का? गोलात जाणारा तो चेंडू बुफॉनने हात लावून बारवरून काढला. तो गोल झाला असता तर बहुधा कप फ्रान्सचा होता. त्यानंतर सहा मिनिटांत ते घडलं. झिदानच्या त्या कृतीचं मी समर्थन करत नाही. पण थकवा आणि हातातून निसटलेला तो क्षण सोबत अनुभवल्याशिवाय ती समजतही नाही.

2022 चं तर काय सांगू! सगळ्यांना अर्जेंटिनाविरुद्धचे फ्रान्सच्या एम्बापेचे 97 सेकंदांतले दोन गोल आठवतात. माझ्या लेखी त्याआधीची 79 मिनिटं तितकीच मोलाची आहेत. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा गोलकडे एकही शॉट नव्हता. अर्जेंटिनाचा दि मारिया डावीकडून त्यांना फाडून काढत होता. प्रशिक्षक देशाँनी 41व्या मिनिटालाच जिरू आणि डेंबेले या दोघांना बाहेर काढलं, फायनलमध्ये, हाफटाइमचीही वाट न बघता! ही हतबलता ज्याने पाहिली त्यालाच 80व्या मिनिटाचा धक्का बसला. बाकीच्यांनी फक्त गोल पाहिले.

म्हणून मला दर्जाची काळजी वाटत नाही, 2026 च्या वर्ल्ड कपमधल्या 48 संघ आणि 104 सामन्यांचीही फारशी नाही. काळजी वाटते ती या सलगपणाची. 2026 साठी फिफाने फायनलच्या हाफटाइमला मोठा शो जाहीर केला, आणि हवामान कसंही असो, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक ठरवला. कडक उन्हात खेळाडूंना पाणी मिळायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण गरज नसताना मॅच का तोडायची? खेळाच्या नियमांनी हाफटाइमला 15 मिनिटांची मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त वेळ बसलं तर तापलेलं अंग थंड पडतं, चढलेली लय उतरते.

आणि फुटबॉलमध्ये टाइमआउट नाही, ही या खेळाची जान आहे. संघ कोसळत असताना प्रशिक्षक रेषेवर उभा राहून ओरडतो, त्याचा आवाज गर्दीत विरून जातो, आणि मैदानावरच्या अकरा जणांना आपलं आपण सावरावं लागतं. सक्तीचा ब्रेक आला की दबावाखालच्या संघाला फुकट श्वास मिळतो आणि ज्याने दबाव आणला त्याची मेहनत वाया जाते. 2022 च्या त्या फायनलला, लुसेलमध्ये, पहिल्या हाफच्या मध्यावर देशाँना तीन मिनिटं सगळ्यांना जवळ बोलावून समजावता आलं असतं, तर ते दोन बदल त्यांना तेव्हा करावेच लागले नसते कदाचित.