ओलं फडकं नकोच!

वाईजवळच्या मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यावरचा लेख मनापासून आवडला. भिंतीवरच्या चित्रांना पाणी लावू नका, हे वाक्य तर ठळक छापायला हवं होतं. आमच्या जुन्या घरात देवघराच्या चुन्याच्या भिंतीवर गणपती रंगवलेला होता. दिवाळीआधी काकांनी भक्तीने, ओल्या फडक्याने तो पुसला. समईची काजळी निघाली, पण फडक्यावर गुलाबी रंगही आला. डाव्या कानाच्या जागी आज नुसता पांढरा चुना दिसतो. आजी त्या भिंतीकडे बघायचीच नाही. अशा चित्रातला रंग बहुधा डिंकासारख्या चिकट पदार्थाने धरलेला असतो आणि तो पाण्यात सुटतो. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, अगदी हलक्या हाताने काढायची, आणि पोपडे सुटलेले असतील तर तेही नाही. जाणकाराला बोलवायचं.

लेखात एक गोष्ट राहिली: सिमेंट. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, मग भिंतीतले क्षार पांढरे होऊन वर फुलतात आणि रंग पोपड्यांसकट गळतो. कितीतरी वाड्यांची 'डागडुजी' अशीच झाली आहे, जीव तुटतो बघून.

घरातल्या जुन्या वस्तूंबद्दलही थोडं: कागद आणि कापडासाठी 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतला उजेड पुरे. पैठण्या मांजरपाटात गुंडाळून ठेवाव्यात, वर्षातून एकदा घडी बदलावी, नाहीतर घडीवरच जरीची तार तुटते. चांदीही सारखी घासू नये, दरवेळी थोडी चांदीच जाते.

मेणवलीतल्या चित्रांवर पावसाळ्यात ओल येते का, त्यावर पुढचा लेख लिहाल का?