आमचा पूल खचतोय

"आमचा पूल खचलाय," असं मी फोनवर म्हटलं तर साताऱ्याच्या काकांनी आधी विचारलं, "मग गाड्या कुठनं सोडतायत?" म्हटलं काका तो पूल नाही, पोहायचा, जमिनीत न खणता वर उभा करतात तो, पत्र्याचा. "म्हणजे हौद!" काका म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

तर आमचा हौद. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी, मागचं अंगण, 18 फूट व्यासाचा गोल पूल, आत चार फूट पाणी, म्हणजे जवळजवळ 29 हजार लिटर, म्हणजे 29 टन. हा हिशोब पूल घेताना करायचा असतो, मी खचल्यावर केला. जुलैत एक दिवस बघतो तर तुळशीकडच्या बाजूला पाणी काठापासून वीतभर खाली आणि गॅरेजकडे जेमतेम चार बोटं. पाणी बिचारं पाणसळीत होतं, पूलच कलला होता. वाकून बघितलं तर गॅरेजकडे पत्र्याखालची वाळू गायब, आणि त्या भगदाडात माझा हात कोपरापर्यंत आत गेला (नंतर कळलं की भरलेल्या पुलाखाली असा हात घालू नये, पत्रा फाटला तर सगळं पाणी अंगावर).

चिरंजीव म्हणाले, चिपमंकचं काम. मला लगेच पटलं, खारीएवढा प्राणी, उलटून बोलणार नाही. दुकानातून वाळूच्या सहा पिशव्या आणल्या आणि भगदाडात ठासल्या. दोन दिवसांनी दुपारचा गडगडाटी पाऊस झाला, ती वाळू लॉनवर पसरून छान चौपाटी तयार. मग दहा पिशव्या आणल्या, चौपाटी वाढली. इथली माती लाल, चिकट, पाणी पटकन जिरतच नाही, ते वरच्या वर वाळू घेऊन चालू पडतं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली. तिचं माहेर माण तालुक्यातलं, पावसाचं पाणी तालीत कसं अडवायचं हे बघत वाढलेली बाई. पुढच्या पावसात सगळे खिडकीतून बघत होते, ही छत्री घेऊन बाहेर. तिथूनच ओरडली, "बाळ्या, ह्या पन्हळीचं तोंड इकडं कुणी वळवलं रे?"

मी. मीच वळवलं होतं. गेल्या वर्षी घराखाली ओल यायला लागली म्हणून पन्हळीचा पाइप घरापासून लांब वळवला, वीस मिनिटांचं काम, चार जणांना फोटोसुद्धा पाठवले होते. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस म्हणजे दोन हजार तीनशेहून जास्त लिटर पाणी, ते मी वर्षभर नेमाने पुलाच्या बुडाशी सोडत होतो आणि शिव्या चिपमंकला.

"आधी पाण्याला वाट काढ, मग भर टाक," आई म्हणाली. चर खणायच्या आधी इथे 811 ला फोन करावा लागतो, मग माणसं येऊन जमिनीखाली काय काय आहे त्याच्या खुणा करून जातात, विजेला लाल, गॅसला पिवळ्या, पाण्याला निळ्या. अंगणभर झेंडे बघून आईने विचारलं, कसला उत्सव आहे? मग चर, खडी, भोकाचा पाइप, माझी कंबर.

पुलाचं काम त्याहून वाईट, कारण खचलेली बाजू नुसती भरून भागत नाही, भर पुन्हा बसते, उंच बाजूच खणून खाली आणायची. म्हणजे पूल रिकामा, लायनर म्हणजे आतलं प्लास्टिकचं अस्तर बाहेर (जुनं होतं, आक्रसलं, नवं आणलं), पत्रा उतरवला, तुळस हलवली, बायकोने ती कुठे ठेवायची हे तीनदा बदललं. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा जमिनीलगत बसवला आणि पाणसळ लावून लावून पूल परत उभा केला तोवर सप्टेंबर संपला. पाणी भरलं. चिरंजीवांनी पाय बुडवला आणि घरात निघून गेले.

चर जिथे संपते तिथे कुंपणापाशी कायम ओल असते, आईने तिथे इंडियन स्टोअरमधून आणलेले अळूचे कंद लावले होते. ती जायच्या आत दोनदा वड्या झाल्या.