शिंग उतरवलेली राक्षसीण

मागच्या मंगळवारी सकाळी मी लेकीच्या पाठीत धपाटा घातला. कारण सांगण्यासारखंही नाही. मोजे. पाळणाघराची वेळ टळून चाललेली, एक मोजा पायात आणि दुसरा हिने भाताच्या कुकरमध्ये नेऊन टाकलेला. ती रडली, मग मी रडले. मग पाळणाघराला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं आणि आम्ही दोघी तोक्योतल्या झोशिगायाच्या देवळात गेलो.

तोक्योत मुलाबाळांसाठी देऊळ म्हटलं की सगळे सुइतेन्गूचं नाव घेतात. ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, प्रशस्त, नावाजलेलं. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, जपानी पंचांगातल्या 'कुत्र्याच्या दिवशी', पोटाला बांधायचा पट्टा तिथून आणतात, कारण काय तर कुत्री सहज विते. मीही आणला होता, रांगेत पाय सुजवून. त्या मंगळवारी मला रांग नको होती.

वासेदाहून एका डब्याची ट्राम सुटते. तिसऱ्या थांब्यावर उतरायचं. थांब्याला देवीचंच नाव, किशिबोजिन; देवळात मात्र तिला किशिमोजिन म्हणतात. दुतर्फा जुनी केयाकीची झाडं असलेल्या गल्लीतून दोन मिनिटं चाललं की देऊळ. काटेकोर बोलायचं तर हे बौद्ध देऊळ, निचिरेन पंथाचं. पण अंगणातच इनारी या शिंतो देवतेचं ठाणं, लाल तोरी कमानींची ओळ, आणि तिथेच सहाशे वर्षांपेक्षा जुना म्हणतात तो गिंको वृक्ष. त्याला कवटाळलं की मूल होतं, अशी श्रद्धा. यात शिंतो किती आणि बौद्ध किती, हा हिशोब इथे कोणी मांडत बसत नाही. सकाळी अकरा वाजता अंगणात आम्ही दोघी, झाडू मारणारे एक आजोबा आणि कबुतरं.

मंदिर १६६४ चं. मूर्ती त्याहून आधीची, १५६१ मध्ये जवळच जमिनीतून निघालेली. पण मी अडकले पाटीपाशी. देवीच्या नावातलं पहिलं अक्षर म्हणजे राक्षस. त्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीक फटकारा असतो. इथे तो काढतच नाहीत. ते तिचं शिंग होतं, बुद्धाला शरण गेली तेव्हा गळालं!

ही म्हणजे आपली हारीती. मगधातल्या राजगृहाची यक्षिणी. स्वतःची पोरं पाचशे (इथे हजार सांगतात) आणि गावातली पोरं पळवून खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं, लाडकं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत हिंडली. एवढ्यांतलं एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय, असं त्याने विचारलं. तेव्हापासून ती पोरांची राखणदार. तिचं फळ डाळिंब. देवळात टांगलेल्या नवसाच्या लाकडी पाट्यांवरही डाळिंबंच.

गोष्ट इथवर बहुतेकांना माहीत असते. मला आवडतो तो पुढचा भाग. हारीती विचारते, ठीक आहे, पण आता मी आणि माझी पोरं खाणार काय? आणि बुद्ध सांगतो की माझे भिक्षू रोज तुमचं पान वाढतील. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने नोंदवून ठेवलंय की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हिची मूर्ती असते आणि रोज तिच्यापुढे अन्न ठेवतात. नुसता उपदेश करून तिला घरी नाही पाठवलं. जेवणाची सोय लावून दिली. आयांना शांत राहा, आवाज चढवू नका, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोला असं सांगणारे व्हिडिओ मी रात्री दोन वाजता पाहते. त्यातला एकही विचारत नाही की बाई, तू आज जेवलीस का.

अजिंठ्याला गेलात तर दोन नंबरच्या लेण्यात हिला भेटा. मागच्या भिंतीत उजवीकडे छोटा गाभारा आहे, तिथे नवऱ्याशेजारी, पांचिकाशेजारी बसलीय. शाळेच्या सहलीत आम्हाला पद्मपाणी दाखवून बाहेर काढलं होतं. हिच्या बैठकीखाली नीट बघा. गुरुजी छडी घेऊन बसलेत, पुढची पोरं अभ्यासात आणि मागची खेळण्यात दंग. पंधराशे वर्षांपूर्वीचा शेवटचा बाक.

आणि आपली जिवती तरी कोण? श्रावणात देव्हाऱ्याशी जो कागद लावतात, त्यातली 'जरा' ही मूळची मांस खाणारी राक्षसीण, मगधातलीच. जरासंधाची दोन शकलं तिने जोडली आणि ती पोरांची देवी झाली. माझी आई साताऱ्यात अजून दर शुक्रवारी पुरण घालते आणि परगावच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकते. जपान नेमकं कुठल्या बाजूला हे तिला सांगता येणार नाही, म्हणून चारी दिशा बऱ्या. हल्ली अनेक घरांत हा कागद लावत नाहीत, 'भयंकर दिसतो' म्हणून. मला तर तो भयंकर आहे म्हणूनच हवाय. नुसत्या गोड, हसऱ्या देवीपुढे मी त्या मंगळवारी उभी राहू शकले नसते. हिच्यापुढे राहिले. हिने माझ्यापेक्षा बरंच वाईट केलेलं आहे.

पाच येनचं नाणं टाकलं, हात जोडले. शेजारी लेकीनेही जोडले आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "आईला शिंग नको."

आजोबांना मराठी येत नसल्याचं एवढं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

अंगणातच खाऊचं दुकान आहे, १७८१ पासूनचं. लाकडी, ठेंगणं, बरण्याच बरण्या. लेकीने शंभर येनमध्ये तीन गोष्टी घ्यायला वीस मिनिटं लावली. मी घाई केली नाही. ट्राममध्ये तिने एक चिकट काडी अर्धी चोखून माझ्या तोंडात कोंबली आणि झोपली. तेव्हा पाहिलं, डावा पाय बुटात तसाच अनवाणी होता.

संध्याकाळी भात लावायला कुकर उघडला. मोजा आतच होता.